अपुऱ्या इमारतीतील गाळा घेताना आधी करारनामा नोंदवा



पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी दुकानगाळ्यांचे सौदे पुष्कळदा पाया भरतानाच ठरतात. भाव कमी पडतो म्हणून आपली माणसे बयाना देतात, पुढे हप्ते भरतात आणि इसारपावती पेटीत जपून ठेवतात. नोटरीचा शिक्का म्हणजेच नोंदणी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नोटरीमुळे व्यवहार निबंधकाच्या दप्तरात चढत नाही. तोच गाळा दुसऱ्यास नोंदणीकृत कराराने विकला गेला, तर पावतीवाल्यास कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि आयुष्याची हलाल कमाई अडकून पडते.

कायदा काय सांगतो? 2016 च्या रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदविण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. 15 लाखांचा गाळा असेल तर नोंदणीपूर्वी दीड लाखाच्या वर एक रुपयाही देऊ नये. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा गाळे आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा लहान इमारतींसाठी महाराष्ट्राचा 1963 चा मालकी सदनिका कायदा आहे. त्यात ही मर्यादा 20 टक्के आहे आणि दुकान व गोदामही त्यात येते.

करारनाम्यात चटई क्षेत्र, मजला, गाळा क्रमांक, किंमत, हप्ते व ताब्याची तारीख स्पष्ट लिहून घ्यावी. मुद्रांक शुल्क भरून, सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा व सूची क्रमांक 2 ची नक्कल घ्यावी. रक्कम चेकनेच द्यावी.

"ओळखीचा माणूस आहे, लिखापढी कशाला?" असे आपल्यात म्हटले जाते. परंतु सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची शिकवण आहे. फिकहमध्ये बनवून घ्यायच्या वस्तूच्या सौद्याला इस्तिस्ना म्हणतात. त्यातही वस्तूचे वर्णन व किंमत आधी ठरलेली असावी लागते. शेरवानी शिवायला टाकताना आपण माप, कापड आणि शिलाई ठरवतो. मग लाखोंचा गाळा केवळ शब्दावर का घ्यावा? लिखापढीने भरोसा कमी होत नाही, उलट दोघांचाही हक्क सुरक्षित राहतो.