पट्ट्यांची सोपी गोधडी

मगधातील शेतांचे बांध पाहून आनंदाने चीवराचे तुकडे जोडले, असे विनयपिटकात आहे. तेव्हा चिंध्या जोडण्यात कमीपणा कसला?

शिवणातून उरलेल्या सुती पट्ट्या आधी धुऊन वाळवाव्यात. आम्ही आळस केला. पहिल्याच धुण्यात लाल पट्टीचा रंग आईच्या लुगड्यात उतरला. ते लुगडे गेले ते गेलेच!

जुने लुगडे दुहेरी अंथरून टाचावे. कडेला एक पट्टी सुलट ठेवावी. तिच्यावर दुसरी उलटी ठेवून, कडा जुळवून, सर्व थरांतून धावदोरा घालावा. मग वरची पट्टी उलटवून शिवण नखाने दाबावी. पुढची पट्टी अशीच. जोडणी व थर शिवणे एकाच टाक्यात होते. शेवटी खालच्या कापडाची कड वर दुमडून शिवावी.