वाणिज्य पदवीधराकडून काय अपेक्षा असते?

पदवी हाती पडली की नोकरीचा प्रश्न सुटला, अशी समजूत आता राहिलेली नाही. एका जागेसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांजवळ तीच पदवी असते. मग निवड कशावर होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नोकरी देणाऱ्याच्या बाजूने आणि आपल्या बेळगाव-निपाणी भागापुरता करावयाचा आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री व यंत्रभागांचे कारखाने, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, साखर कारखाने, पतसंस्था, बँका आणि सनदी लेखापालांची कार्यालये ही वाणिज्य पदवीधराला काम देणारी येथील मुख्य ठिकाणे होत. त्यांच्या अपेक्षा चार प्रकारच्या आहेत.

१) व्यवहारी ज्ञान : व्याख्या पाठ असणे वेगळे आणि बिल करता येणे वेगळे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. समजा, निपाणीच्या व्यापाऱ्याने १८ टक्के दराचा १,००,००० रुपयांचा माल बेळगावला पाठविला. येथे केंद्राचा कर ९,००० व राज्याचा कर ९,००० रुपये. तोच माल कोल्हापूरला पाठविला तर राज्याची हद्द ओलांडली जाते, म्हणून १८,००० रुपये एकात्मिक कर. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. पण कर अंतर पाहत नाही, हद्द पाहतो. रक्कम तीच असली तरी कर चुकीच्या सदरात भरला, तर तो योग्य सदरात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. मालकाचे पैसे तोवर अडकतात. म्हणून क्रमांकाच्या आरंभी २९ म्हणजे कर्नाटक व २७ म्हणजे महाराष्ट्र, हे ज्याच्या चटकन ध्यानात येते तो उमेदवार उपयोगाचा ठरतो.

२) भाषा : आपण मराठी माध्यमाचे विद्यार्थी बाजारात कन्नड सहज बोलतो, पण कन्नड अर्ज किंवा नोटीस समोर आली की थबकतो. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीत ज्या राज्यातील जागा, तेथील भाषा वाचता, लिहिता व बोलता यावी लागते. पतसंस्थेत तर एक खातेदार मराठी बोलतो, दुसरा कन्नड, आणि वरून आलेले परिपत्रक इंग्रजीत असते. तिन्ही भाषांत कागद हाताळणारा माणूस येथे हवाच असतो.

३) सचोटी व नेटकेपणा : दिवसाअखेर रोकड मिळालीच पाहिजे. दहा रुपयांचा फरक आला तर तो दडवणारा नको, शोधून काढणारा हवा. हा गुण गुणपत्रिकेत दिसत नाही. म्हणूनच मुलाखतीत आडवळणाने प्रश्न विचारले जातात.

४) कामाची सवय : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही विद्यावेतनावर काम शिकण्याचा मार्ग खुला झाला. सुटीत एखाद्या दुकानाची वही लिहिणे हीसुद्धा तयारीच होय.

या चारांपैकी भाषेची शिदोरी आपल्याला घरबसल्या मिळालेली आहे. दोन राज्यांचा व्यवहार आणि दोन भाषांचा शेजार अन्यत्रच्या पदवीधराला सहसा लाभत नाही. परंतु नुसते बोलता येणे पुरेसे नाही. विद्यार्थिमित्रांनो, या अंकातील कन्नड विभागाची पाने आपण उलटून पुढे न जाता रोज एक पान मोठ्याने वाचले, तर अंतिम वर्षापर्यंत ही उणीव निश्चित भरून निघेल.