अरोवानाचे घर केवढे असावे?

अरोवाना दुकानातून आणतो तेव्हा वीतभरही नसतो. ॲमेझॉन खोऱ्यातला हा रुपेरी मासा पुढे दोन-अडीच फूट वाढतो. पुराचे पाणी जंगलात शिरले की तो उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो. घरातही ही सवय जात नाही. आपली मरळसुद्धा उडी मारते. पण कल्ल्यांवरच्या पोकळीमुळे तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ती काही काळ तग धरते. अरोवानाला ती सोय नाही. रात्री फरशीवर पडला की सकाळी मेलेलाच सापडायचा. म्हणून टाकीवर वजनदार झाकण हवे आणि पाणी काठापासून चार बोटे खाली.

आता गणित करू. टाकी ६ फूट लांब, २.५ फूट रुंद (मासा वळला पाहिजे ना!) आणि २ फूट उंच. घनफळ ३० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लीटर, म्हणजे काठोकाठ भरल्यास जवळजवळ ८५० लीटर पाणी. वजन ८५० किलो, काच वेगळी! माडीवर ठेवायची तर आधी जाणत्या इंजिनिअरला विचारलेले बरे.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवूनच ते टाकीत घालावे, दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलावे. आपल्याकडे थंडीत रात्री हीटर लागतोच.

एवढे जमणार नसेल तर पालकांनी मासा आणूच नये, असे आम्हांला वाटते. वाढलेला मासा मार्कंडेय नदीत तर मुळीच सोडू नये. ही नदी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आणि अरोवाना लहान मासे खातो.