उच्चार एकच, स्पेलिंग मात्र वेगळं!



श्रुतलेखनात तुम्ही नुसतं 'मीट' म्हणता. कोणी 'भेटणे'चं स्पेलिंग लिहितं, कोणी 'मांस'चं. चूक कोणाची? मुलांची तर नाहीच. सुटा शब्द ऐकून यातला कोणता, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही. पण वहीत लाल रेघ पडते आणि 'मला इंग्रजी जमतच नाही' असं मूल मनात धरून बसतं.

असे शब्द आले कुठून?

'मीट'ची ही दोन्ही रूपं पूर्वी वेगवेगळी उच्चारली जात. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला पहिला 'के'सुद्धा तेव्हा उच्चारला जाई. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं झालं, उच्चार मात्र बदलत राहिले. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना गंमत वाटते.

लपलेला शब्द शोधा

फळ्यावर स्पेलिंग लिहा आणि आतला छोटा शब्द मुलांनाच शोधू द्या.

१. हिअर (ऐकणे) : यात 'इअर' म्हणजे कान आहे. ऐकायला कान हवाच! 'येथे' अर्थाच्या हिअरमध्ये कान नाही.

२. देअर (तेथे) : यातला पहिला 'टी' झाका, 'येथे'चा हिअर दिसेल. येथे-तेथे ही जोडीच.

३. देअर (त्यांचा) : यातला 'टी' झाकला की वारस या अर्थाचा 'एअर' उरतो. वारस म्हटलं की मालकी आलीच.

४. मीट (मांस) : यात 'ईट' म्हणजे खाणे आहे.

५. स्टेशनरी : वह्या-पेनांच्या स्टेशनरीत शेवटी 'ई-आर-वाय', एन्व्हलपच्या 'ई'सारखा. 'स्थिर' अर्थाच्या शब्दात 'ए-आर-वाय'.

सराव कसा घ्याल?

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्का झाला की चार-आठ दिवसांनी दुसरा घ्या. श्रुतलेखनात सुटा शब्द न देता वाक्य द्या : 'आय हिअर अ बेल.' घरी पालकांनी मुलाला दोन्ही शब्दांची स्वतःची वाक्यं करायला सांगावी. मोबाइलच्या स्पेलिंग तपासणीवर विसंबू नका. दोन्ही शब्द बरोबरच असल्याने ती चूक बऱ्याचदा दाखवत नाही.

आपल्याकडेही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना फरक फारसा जाणवत नाही, अर्थ वाक्यावरूनच कळतो. मुलांना आधी हे मराठी उदाहरण द्या, मग इंग्रजीची भीती निम्मी कमी होईल.