माहितीपटासाठी पैसा उभा करताना

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं ज्यूंचं सिनेगॉग आहे, शआर हशामाईम. पेणकर, किहिमकर अशी कोकणातल्या गावांवरून आडनावं लावणारी, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायली ज्यू कुटुंबं या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १९४८नंतर त्यांतली बरीच इस्रायलला गेली. इथे राहिलेल्यांच्या घरातल्या आठवणींवर आम्ही डोंबिवलीतल्या काही जणांनी माहितीपट करायला घेतला. मागे ना कंपनी, ना निर्माता. त्या कामातून हाती आलेलं सांगतो.

१. पहिल्या भेटीत देणगीचा विषय काढू नये. आजींना सावकाश अल्बम उघडू द्यावा. फोटो घरी न्यायला मागू नयेत, त्यांच्यासमोरच स्कॅन करावेत. अश्दोद किंवा लोदहून आलेलं भावाचं पत्र मराठीत असतं. ते त्यांनीच वाचावं, आपण ऐकावं. ज्या घरात आपण मन लावून ऐकलं, तेच घर पुढे आपणहून नातलगांचे नंबर देतं.

२. प्रस्तावापेक्षा चित्रण दाखवावं. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली आणि ती दाखवून भांडवल मिळवलं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३चा. आम्ही मलिद्याचा विधी दाखवला. प्रेषित एलियाहू हनाबींच्या नावाने ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, फळं मांडलेली. प्रार्थना हिब्रूत आणि ‘अगं, केळी राहिली’ ही हाक मराठीत. ज्यांनी आमच्या प्रस्तावाचं पहिलं पानही उलटलं नव्हतं, ते हे पाहून विचारायचे, “हे आपल्या ठाण्यातलं?” मदतीचं बोलणं या प्रश्नानंतरच सुरू होतं.

३. लहान रक्कम मोलाची. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’साठी १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पाचशे रुपये देणारे निवृत्त शिक्षक आपल्या कट्ट्यावर फिल्मची चर्चा करतात, चार माणसं जोडून देतात. एकच मोठा देणगीदार असला की संकलनाच्या टेबलावर त्याचाही शब्द येतो. पावती त्याच दिवशी द्यावी. ध्वनी, संकलन, सबटायटल यांचा खर्च व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असा मांडावा.

४. परदेशातून पैसे घेण्याआधी सीएला भेटावं. इस्रायलमधली माणसं जिव्हाळ्याने पैसे देऊ करतात. पण परदेशी नागरिकाची देणगी २०१०च्या विदेशी योगदान कायद्याखाली येते. सरकारी नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. मूळचा भारतीय असला तरी पासपोर्ट परदेशी, म्हणजे देणगीही परदेशी. त्यांच्याकडून जुने फोटो, ध्वनिफिती आणि आठवणी मागाव्यात. फिल्मला त्यांची गरज पैशाहून जास्त आहे.

५. प्रसिद्धीसाठी वाचनालयं गाठावीत. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर वाटलेली पत्रकं गर्दीत हरवतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. अशा ठिकाणी येणाऱ्या माणसाला गावाच्या इतिहासाची ओढ असते आणि तो प्रश्न विचारायला थांबतो.

६. पहिला खेळ त्या कुटुंबांसाठीच ठेवावा, आणि शुक्रवारची संध्याकाळ व शनिवारचा दिवस टाळून. तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. सभागृहात तिकीट लावून खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा वेळ आणि खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

खाडीकाठच्या कोळी, आगरी, ईस्ट इंडियन घरांवरही अशा फिल्म व्हायला हव्यात. कुणाच्या मनात असेल तर पैसे जमेपर्यंत थांबू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं बोलणं या रविवारी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जुन्या फोटोंमागे त्यांच्याकडून नावं लिहून घ्या.