ठशाची भेग, नाण्यावरची रेघ

जुन्या दोन पैशांच्या नाण्यावर केसासारखी रेघ आढळली, म्हणजे तो ओरखडा आहे की टांकसाळीतील दोष, हे प्रथम ठरवावे लागते. पोलादी ठशाला तडा गेला, की दाबाखाली नाण्याचा धातू त्या फटीत शिरतो. म्हणून ठशाची भेग नाण्यावर उंचावून उमटते. ओरखडा खोलगट असतो. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहावे. तोच ठसा वापरात राहिल्यास पुढील नाण्यांवर रेघ लांबत जाते. अशी दोन नाणी जुळवण्यात या छंदाची गोडी आहे, किमतीत नव्हे. नाणी घासू मात्र नयेत. वसतिगृहात असताना आम्ही १९५७ चा काशाचा नया पैसा चिंच व राखेने लख्ख केला. साल अजून वाचता येते; रेघ झिजून गेली.