संस्कृतीचा लीस्ट काउंट

फर्स्ट इयरला व्हर्नियर हातात आला की सर पहिला प्रश्न विचारतात, "लीस्ट काउंट किती?" कारण उपकरणाला जे पकडता येत नाही, ते रीडिंगमध्ये येतच नाही. हाच प्रश्न मी संस्कृतीला लावून पाहिला. एखाद्या देशाची संस्कृती पुढच्या पिढीत टिकेल का, हे मोजता येतं का? आणि दोन देशांची तुलना? सगळी संस्कृती एका लेखात मावणार नाही, म्हणून मी फक्त भाषा घेतली. तिचे आकडे निदान जनगणनेत मिळतात.

आधी आयर्लंड. 2022 च्या जनगणनेत तिथल्या सुमारे 40 टक्के लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. म्हणजे जवळपास 18.7 लाख माणसं. भाषा अगदी ठणठणीत वाटते! पण ती किती वेळा बोलता, असंही विचारलं होतं. शिक्षणाबाहेर रोज बोलणारे निघाले 71,968, म्हणजे दीड टक्क्याहून कमी. आयरिश शाळेत शिकवतात, त्यामुळे 'येते' म्हणणारे पुष्कळ.

आता वेल्स. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे 17.8 टक्केच होते. मग आयर्लंड पुढे का? थांबा. वेल्सच्या 2019-20 च्या भाषावापर पाहणीत वेल्श येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण ती रोज बोलत होते. 'येते का' विचारलं तर आयर्लंड पुढे, 'बोलता का' विचारलं तर वेल्स! शिवाय आयर्लंडने शाळेतलं बोलणं वगळलं, वेल्सने वगळलं नाही. दोन वेगळ्या पट्ट्यांची रीडिंग एकाच टेबलात टाकली, तर आपलं जर्नल कोणी चेक करून देईल का?

युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 2003 मध्ये यासाठी नऊ कसोट्या मांडल्या. पहिली कसोटी म्हणजे भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाते का. तिला 0 ते 5 गुण. लहान मुलांसकट सगळे बोलतात तर 5, बोलणारा कुणीच उरला नाही तर 0. कोणतीही एकच कसोटी पुरेशी नाही, हेही त्यांनी बजावलं आहे.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले सुमारे 8.3 कोटी. पण आपला फॉर्म मातृभाषा आणि येणाऱ्या इतर भाषा विचारतो, रोज काय बोलता हे विचारत नाही. आणि लीस्ट काउंट? दहा हजारांहून कमी लोकांची भाषा प्रसिद्ध यादीत वेगळी दाखवत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार. त्या यादीत ती नाही. उद्या ती संपली, तरी यादीत काहीच फरक दिसणार नाही.

मला वाटतं, हे काम आपणही करू शकतो. पुढच्या एनएसएस कॅम्पला गावात घरटी तीनच प्रश्न विचारू : आजी-आजोबा आपसात कोणत्या भाषेत बोलतात? आई-वडील मुलांशी कोणत्या? मुलं एकमेकांत कोणत्या? तिन्ही उत्तरं एकच आली तर उत्तम. खाली येताना भाषा बदलत गेली, तर ती घरातून निघाली आहे असं समजायचं, मग एकूण आकडा कोटींचा का असेना. सुरुवात मात्र आपल्या हॉस्टेलच्या विंगपासून करू या.